कंदिलावरचं नाव

दिनेशच्या लग्नपत्रिकेत आपलं नाव छापलं नाही, एवढं कानावर आलं अन् धनराजकाकांनी पत्रिका हातातही न घेता परत पाठवली. त्यानंतर नऊ वर्षं त्यांनी पुतण्याच्या घराची पायरी चढली नाही.

आज मात्र स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला गोंडपिपरीला यावंच लागलं. दिनेशनं खुर्ची पुढे केली, तर म्हणाले, "बसत नाई. मले घाई आहे." अन् ओसरीतच उभे राहिले.

डोक्यावर कागदाचा कंदील लटकत होता. दिनेशची बायको करिश्मा नात्यातल्या जुन्या लग्नपत्रिका कापून असं काहीबाही करतच असते. कंदिलावर दिनेश-करिश्माच्या पत्रिकेतलं 'मंगल परिणय' होतं अन् त्याच्या खाली, स्वागतोत्सुक : आयु. धनराज दुर्गे.

काकांनी चष्मा पुसून पुसून तीनदा वाचलं.

"माह्यं नाव त होतं न इथी! काऊन सांगतलं नाई बे, दिनेश?" खुर्ची ओढून काका ऐसपैस बसले. "सूनबाई, चाय मांड. साखर जास्त टाक."



आत करिश्मा सासूच्या कानात म्हणाली, "आई, काकाले कंदिलाले हात लावू देऊ नका. नावाखालचा डिंक अजून वाळला नाई."