लोकर कातरताना

मुलगा गेल्यापासून मी रडले नव्हते. “किती धीराची आहे,” नातेवाईक म्हणायचे. हवापालट म्हणून नवऱ्याने मला मेंढ्यांच्या फार्मवर राहायला आणलं. वाढलं की जेवत होते, सांगितलं की झोपत होते. एका सकाळी मालकीणबाई शेडमध्ये लोकर कातरत होत्या. त्यांनी एक मेंढी गुडघ्यांशी उताणी टेकवली, तशी ती निपचित झाली. यंत्र पोटावरून फिरलं, तरी हूं की चूं नाही. “किती शांत आहे,” नवरा म्हणाला. “शांत कसली, दादा! भेदरलीय. पाय जमिनीवरून सुटले की जीव मुठीत धरून पडून राहते. हात लावून बघा.” त्याने तिच्या छातीवर तळवा ठेवला आणि दचकून माझ्याकडे पाहिलं. मग जवळ येऊन माझा हात धरला. “मलाही भीती वाटते गं.” त्याचा हात लोकरीच्या तेलाने चिकट होता. मी सोडला नाही.