मणी इन्स्पेक्टरची झडती

१९५४ साली कुंभकोणमात मणी इन्स्पेक्टरच्या हाती लागलेला माणूस न केलेला गुन्हाही कबूल करी. वॉरंट वगैरे त्याला कारकुनी थेरं वाटत. देवळातल्या चोरीसाठी त्याला आता पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेल्या तंजावरी मराठी घरातला निरपराध तुकोजी हवा होता. एकटाच तो बुटांसकट घरात शिरला, देव्हाऱ्यापुढे क्षणभर थबकला आणि मग तमिळमध्ये ओरडू लागला.

तुकोजीची बायको भवानी सासूला मराठीत म्हणाली, "अत्याबाई, हे परसातल्या भाताच्या कणगीत दडलेत, हे त्याला कळू देऊ नका हं."

गावभर तमिळ म्हणून मिरवणारा मणी मनात हसला. बायकांची अक्कल ती एवढीच!

तो परसात कणगी उपसत बसला, तेवढ्यात तुकोजी माळ्यावरून उतरून पुढच्या दारानं निघाला आणि वकिलाला घेऊन थेट मॅजिस्ट्रेटपुढे हजर झाला. आता त्याला कोठडीत बडवणं शक्य नव्हतं.

मिशीतलं तूस झाडत मणी गेल्यावर सासूनं विचारलं, "अगो, त्याला मराठी कळतं हे तुला कसं कळलं?"


"बूट काढले नाहीत मेल्यानं, पण आपल्या खंडोबाचा भंडार कपाळाला लावून 'येळकोट' पुटपुटला की!"