तुमच्याकडे वाईट काय आहे?

गेल्या वर्षी बालीत लिफ्टचा फोटो बघून हॉटेल ठरवलं आणि बंद लिफ्टशेजारचे चार जिने चढून कुमुदचा गुडघा सुजला. “आता प्रागला फसलो, तर मी पुन्हा परदेशात पाऊल ठेवणार नाही,” तिनं बजावलं होतं. म्हणून दिगंबररावांनी आठवडाभर लोकांचे शेरे वाचून पाच हॉटेलं निवडली.

कुमुदनं यादी बघितलीच नाही. “अहो, पाचही जणांना माझ्या गुडघ्याचं लिहा आणि एवढंच विचारा, तुमच्याकडे वाईट काय आहे?”

“असं कुणी सांगतं का?” कुरकुरत त्यांनी लिहिलं.

चौघांनी लगेच कळवलं, सगळं उत्तम आहे. पाचव्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. लिफ्टपर्यंत सात पायऱ्या आहेत, म्हणून बाईंना तळमजल्यावरची खोली देऊ. तिथं मात्र शेजारच्या चर्चची घंटा सकाळी सहाला झोपमोड करते.

“हेच घ्या,” कुमुद म्हणाली.

“अगं, स्वतःचीच खोट सांगतोय तो!”

“मला बघायला आलेल्या प्रत्येक मुलाला बाबांनी हेच विचारलं होतं. बाकीचे म्हणाले, काही नाही. एकटे तुम्ही म्हणालात, मी घोरतो.”

पाचव्या हॉटेलला दिगंबररावांनी होकार लिहिला. पाठवण्याआधी थांबले, कुमुद बघत नाही ना याची खात्री केली आणि खाली एक ओळ वाढवली, ‘मी अजून घोरतो. जमलं तर शेजारची खोली रिकामी ठेवा.’