संत वितोला गाव दाखवायचं

मिरवणूक चुकली की संत वितोची मूर्ती खालच्या शहरातल्या संग्रहालयात, असं बिशपांनी ठरवून टाकलं होतं. वर्षातून एकदा संताला खांद्यावरून गाव दाखवायचं, तर आठ गडी हवेत. डोंगरावरच्या त्या गावात उरल्या होत्या पाच म्हाताऱ्या. सणादिवशी फादर टेम्पोच घेऊन आले.

"हट्ट सोडा, एर्सिलियाबाई. तुमच्यानं संत उचलवणार आहे का?"

"उचलतंय कोण?" म्हणत एर्सिलियानं चर्चचं दार सताड उघडलं. मग पडक्या बुरुजाचा दगड, कारंज्याच्या पाण्याची घागर, भट्टीतला गरम पाव आणि एक नाखूश शेळी घेऊन म्हाताऱ्या गात गात मूर्तीसमोरून निघाल्या.

"अहो, हे काय चाललंय?"

"संताला गाव दाखवतोय. टेम्पो मागं घ्या फादर, मिरवणूक अडलीय."