सोडणांचा धूर

दम्याचा पंप ओढल्यावर नातीची धाप ओसरली, तेव्हा कुठे लेसिएलीने तिच्या छातीवर खोबरेल चोळणं थांबवलं. "तेल चोळा हो आजी, पण रोजचा पंप चुकवायचा नाही," बेटावरची नर्स म्हणाली. "आणि हा धूर कसला?" सून चाचरली. लेसिएली म्हणाली, "मीच नारळाची सोडणं पेटवते. नाहीतर झोपेत डास फोडून काढतात पोरीला." "धुरानेच ती गुदमरते, आजी. आजपासून बंद!" लेसिएलीने धुमसती सोडणं बाहेर नेऊन वाळूत पुरली. पलीकडे शिंपल्यांनी सजवलेली तिच्या थोरल्याची, टेविटाची कबर होती. तोही लहानपणीच असाच धापा टाकत गेला होता. त्याच्या उशाशीही ती सोडणं फुंकत बसायची. आत येऊन तिने नर्सला विचारलं, "धूर हल्लीच बाधायला लागलाय ना गं? आमच्या वेळी नव्हता बाधत?" "तेव्हाही बाधायचाच, आजी," पंप पुसत नर्स म्हणाली.