कुठला परवा

"परवा," सयाजी म्हणाला आणि फोन कट झाला. मागं पॉलिशच्या मशीनची घरघर चालू होती.

अनंतरावांनी फोन सोफ्यावर आपटला. सोफ्यावरच, कारण फोन नवा होता. आज गुरुवार, म्हणजे परवा शनिवार. सोमवारी टाकलेली गाडी शनिवारी? एका पॉलिशला?

वेळेच्या बाबतीत अनंतरावांना कुणी शेंडी लावायची नाही. भोसरीच्या कंपनीत त्यांची सगळी नोकरी प्लॅनिंगमध्ये गेली. कुठल्या कामाला किती वेळ लागतो, हे सांगायचाच पगार. थेरगावात सयाजीच्या शेडमध्ये गाडी लावली तेव्हाच त्यांनी त्याला हिशोब मांडून दाखवला होता. बॉनेट, टप, दारं, डिकी. आधी कडक पॅडनं ओरखडे घालवायचे, मग मऊ पॅडनं चमक आणायची. धुणं, चहा, तंबाखू धरून दीड दिवस. सयाजीनं बॉनेटवर टॉर्च मारला, मान हलवली आणि म्हणाला, रंगाला लागेल तेवढा वेळ लागणार साहेब. तिथंच अनंतरावांचं डोकं फिरलं. रंगाला कसला वेळ लागतो? त्याला काय आंघोळ करून कामावर जायचंय?

घाई होती, कारण शनिवारी गिऱ्हाईक येणार होतं. चाकणकडचा गेनू. घरची शेती, वर कंपनीत शिफ्ट, आणि गाडी म्हणजे जीव की प्राण. असा माणूस चमक बघून पाघळतो, हे अनंतरावांनी ओळखलं होतं.

गाडी विकायची कारण डोळ्यांत काचबिंदू. बाजूचं दिसेना. डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं, आणि अनंतरावांनी त्याच दिवशी घरात जाहीर केलं, गाडी काढून टाकू, चालवणार कोण? बायको, सुहासिनीबाई, समोरच बसल्या होत्या. लायसन्स त्यांच्याकडे कधीचं होतं. नुसतं रिन्यू होत आलेलं. चावी मागितली की अनंतराव म्हणायचे, क्लच जाळशील. मग त्यांनी मागणं सोडलं. या वेळीही एवढंच म्हणाल्या की गाडी गेली तर आपण दोघं जन्मभर रिक्षावाल्याच्या मागच्या सीटवर. अनंतरावांनी पेपर वर धरला.

तर हा आठवडा सगळा असाच डोकं खाणारा. सयाजी फोन उचलेना. उचलला तर मशीनच्या आवाजात अर्धं ऐकू येईना. त्यात सुहासिनीबाईंना चिंचवडची भाजी सोडून अचानक थेरगावच्या डांगे चौकातली भाजी गोड लागायला लागली. दुपारी जायच्या त्या चहाची वेळ टळून गेल्यावर यायच्या, आणि हातात कोथिंबिरीची एक जुडी. एका जुडीला इतका वेळ? अनंतरावांनी तोही हिशोब लावून बघितला. जुळेना. जाता जाता सयाजीकडे डोकावतेस का, विचारलं, तर म्हणाल्या, डोकावले की, मस्त दिसतीये गाडी. किती काम राहिलंय, तर म्हणाल्या, तुमच्या घाईनं काय होणारे.

शनिवारी सकाळीही त्या कोथिंबीर आणायला गेल्या. घरात तीन जुड्या पडलेल्या असताना.

अनंतराव गेनूच्या बाइकवर मागं बसून थेरगावला पोचले. शेडमध्ये एक पांढरी जीप उभी होती. त्यांची निळी गाडी नव्हती.

"गाडी?" त्यांनी विचारलं.

"झाली की," सयाजी म्हणाला. "फोनवर नाही का सांगितलं, परवा म्हणून."

"अरे, परवा म्हणजे आज!"

"आज कसं? तुमचा फोन गुरुवारी आला. गाडी मंगळवारी झालती. म्हणजे परवाच ना?"

"मला वाटलं येणारा परवा!"

"गेलेला पण परवाच असतोय ना, राव. दीड दिवसात उडवली. अगदी तुम्ही म्हणला तेवढ्यात."

आपला अंदाज बरोबर निघाला याचा अनंतरावांना आयुष्यात पहिल्यांदा संताप आला. त्यांनी दात आवळून विचारलं, मग गाडी आहे कुठं? सयाजी म्हणाला, काकू रोज नेतात की. नेतात, फिरवतात, परत आणून लावतात. त्याला वाटलं साहेबांना माहिती असणार.

तेवढ्यात कुणीतरी हॉर्न दिला. निळी गाडी डांगे चौकाच्या गर्दीतून वळली, एका पीएमपी बसला वाट देत शेडसमोर येऊन थांबली. स्टिअरिंगवर सुहासिनीबाई. कपाळावर घाम, पदर कमरेला खोचलेला.

"क्लच जळाला असेल," अनंतराव कसेबसे म्हणाले.

सुहासिनीबाईंनी काच खाली केली. "वास घेऊन बघा."

अनंतरावांनी खरंच वास घेतला. नुसत्या पॉलिशचा येत होता.

गेनू तोवर गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला. बॉनेटमध्ये त्याला स्वतःच्या मिश्या दिसल्या आणि तो पाघळला. म्हणाला, "काका, आपल्याला पसंत हाय. ठरलं का मग?"

सुहासिनीबाईंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले होते आणि समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या. इंजिन चालूच होतं.

अनंतराव उजव्या दाराशी गेले. हँडलला हात लावला. आतली बाई जागची हलली नाही. मग ते बॉनेटला वळसा घालून डाव्या बाजूला आले, दार उघडून बसले. पट्टा शोधायला हात उजव्या खांद्याकडे गेला, तिथं काही नव्हतं. डावीकडे सापडला.

"काका, ठरलं का?" गेनूनं मागच्या बाजूनं ओरडून विचारलं.

अनंतरावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"गेनूभाऊ, बाजूला व्हा. हिला रिव्हर्स अजून जमत नसणार."