एक भट्टी जमली की

पाव पुन्हा बसला होता.

बेकरीवालीने तो साच्यातून काढला, उलटा केला आणि बोटाच्या पेराने बुडावर टकटक केलं. नीट भाजलेला पाव पोकळ वाजतो. हा वाजलाच नाही.

"भट्टीचं दार मध्येच उघडलंत ना?"

"जरा बघितलं, फुगलाय का," नवरा म्हणाला.

"फुगला होता. आता बघा."

गल्ल्यावर बसलेली नणंद हसली. "वहिनी, नाद सोड. दादाने जन्मभर बस चालवली. दर थोड्या वेळाने दार उघडायची सवयच आहे त्याला."

बेकरीवाली हसली नाही. तिने बसलेले पाव सुरीने कापले आणि टोस्टसाठी पत्र्यावर पसरले. वाया गेलेल्या पावाचे टोस्ट करायचे, हा बेकरीचा नियम. हल्ली दुकानात टोस्टच टोस्ट झाले होते.

तिच्या फुप्फुसातला कर्करोग कळला तेव्हा तो यकृतापर्यंत पोचला होता. ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुरू केली. हे औषध थेट गाठीवर घाव घालत नाही, शरीराच्याच लढायच्या ताकदीला जागं करतं, असं त्यांनी समजावलं. "लागू पडलं तर छान पडतं. पण सगळ्यांना पडत नाही," असंही सांगितलं.

पहिलं सलाइन लावून घरी आली, त्याच दिवशी तिने स्वतःचा ॲप्रन नवऱ्याच्या कमरेला बांधला. तो निवृत्त होऊन घरीच होता. भट्टी तिने उभी केली होती. ती विझलेली तिला चालणार नव्हती.

"तुमच्या हातून एक भट्टी जमली की मी सुटले," ती म्हणाली.

नवऱ्याने ॲप्रनची गाठ सैल करून पुन्हा बांधली.

तेव्हापासून ती स्टुलावर बसून शिकवत होती. पिठाचा गोळा बोटाने दाबायचा. खळगा सावकाश भरून आला की पीठ तयार. चटकन भरला तर अजून थांबायचं, भरलाच नाही तर उशीर झाला. नवरा मान डोलवायचा. मग एक दिवस पाणी कढत घेऊन यीस्ट मारून टाकायचा. एक दिवस मीठ विसरायचा. एक दिवस पीठ इतकं फुगू द्यायचा की ते साच्याबाहेर ओघळायचं. एकदा पाव वरून काळे आणि आतून कच्चे निघाले.

"हे कसं जमवलंस?" नणंदेने हात जोडून विचारलं होतं.

मध्ये औषधामुळे बेकरीवालीच्या अंगभर खाज उठली. थकवा असा यायचा की पिठाच्या पोत्यालाच टेकून ती डोळे मिटायची. तरी शिकवणं चालू राहिलं. कधीतरी खोकला कमी झाला. मग एका सकाळी ती स्टुलावर बसायचंच विसरली. नणंदेने खुणेनेच भावाला दाखवलं. त्याने पाहिलं, आणि त्या दिवशी त्याच्या पावाला एका बाजूला पोक आलं.

पुढच्या स्कॅननंतर डॉक्टरांनी पडद्यावर दोन चित्रं शेजारीशेजारी लावली.

"गाठी गेलेल्या नाहीत," ते म्हणाले. "पण आक्रसल्यात. यकृतातली तर शोधावी लागतेय. औषध चालू ठेवायचं, तपासण्याही. आजार आहे, पण तुम्ही त्याला पुरून उरताय."

तिने पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. दोघं घरी आली. दारात चपला काढताना नवरा म्हणाला, "उद्याचं पीठ मी एकटाच मळतो. तू फक्त बघायला ये."

"पुन्हा टोस्ट?"

"बघू."

सकाळी ती आली तेव्हा भट्टी रिकामी झाली होती. फळ्यांवर पाव ओळीने मांडले होते. सगळे एकसारखे फुगलेले, एकाच रंगाचे. तिने एक उचलला, उलटा केला, टकटक केलं. पोकळ वाजला. दुसरा वाजला. शेवटच्या फळीपर्यंत ती वाजवत गेली.

"वहिनी! दादाला जमलं की गं!" नणंद ओरडली.

बेकरीवालीने पाव खाली ठेवला. "कधीपासून येतंय तुम्हाला?"

नवरा हात पुसत राहिला. हातांना पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

"झाले बरेच दिवस," तो म्हणाला. "तू म्हणालीस ना, एक भट्टी जमली की मी सुटले. म्हटलं, जमूच द्यायची नाही."

नणंद मटकन पोत्यावर बसली. "दादा! अरे, किती मैदा घातलास मातीत! आणि मी इथे गिऱ्हाइकांच्या गळ्यात टोस्ट बांधतेय!"

"त्यांना कशाला बोलतेस? मला माहीत होतं," बेकरीवाली म्हणाली.

आता दोघंही तिच्याकडे बघायला लागले.

"नवशिका एकच चूक पुन्हा पुन्हा करतो. यांनी दर वेळी नवी केली. वरून काळा आणि आतून कच्चा पाव काढायला भट्टी पुरती कळावी लागते, बाई. इतका चांगला कारागीर माझ्या हाताखाली तयार झालाय, आणि मला कुणाला सांगता येईना. तो अभिमान गिळून बसले होते मी."

"मग बोलली का नाहीस?" नवऱ्याने विचारलं.

तिने त्याच्या कमरेचा ॲप्रन सोडला आणि स्वतःच्या कमरेला बांधला.

"मला तरी कुठे सुटायचं होतं?"